हळदा घाटापासून सव्विसाव्या लेण्यापर्यंत

सिल्लोडहून उंडणगाव आणि हळदा या गावांवरून उत्तरेकडे जाणारा रस्ता अजिंठा डोंगररांगेच्या कडेला येतो आणि सोयगावच्या बाजूला उतरू लागतो, तेथे तो एक जुना जलविभाजक ओलांडतो. मागे राहिलेल्या पठारावरचे पाणी पूर्णेच्या वाटेने गोदावरीला मिळून पूर्व समुद्राकडे जाते, तर पुढे खाली पसरलेल्या सखल मुलखातले पाणी वाघूर आणि तापीमार्गे पश्चिमेकडे वाहते. सोयगाव तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असला आणि निजामाच्या राजवटीपासून मराठवाड्याशी बांधलेला असला, तरी माती, पीक आणि बऱ्याच अंशी बोलणे या तिन्ही बाबतींत तो घाटाखालच्या खानदेशाचा आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात या डोंगराच्या उत्तरेला ऋषीक आणि दक्षिणेला, गोदावरीच्या खोऱ्यात, अश्मक अशी दोन राज्ये होती, वाकाटक सम्राट हरिषेण याच्या सत्तेच्या छायेत ती नांदत होती आणि त्यांच्यात वैरही होते, असे अजिंठ्याच्या शिलालेखांवरून दिसते. त्यामुळे हळदा घाट उतरणारा प्रवासी ढोबळमानाने अश्मकांच्या मुलखातून ऋषीकांच्या मुलखात येतो, आणि युद्ध दगडात कसे कोरले गेले हे पाहण्याच्या हेतूने तो निघाला असेल, तर त्याला यापेक्षा योग्य वाट क्वचितच सापडेल.

हा हेतू सुचण्याचे कारण मात्र दूरचे आहे. रोममध्ये दुसऱ्या शतकापासून मृताला दहन करण्याऐवजी पुरण्याची पद्धत वाढली आणि श्रीमंत घराण्यांनी संगमरवरी शवपेट्या घडवून घेण्यास सुरुवात केली. या पेट्यांच्या दर्शनी बाजूवर पुराणकथा, शिकार, विवाह असे विषय कोरले जात, आणि सेनानींच्या पेट्यांवर रोमन सैन्य व उत्तरेकडील टोळ्या यांची तुंबळ लढाई कोरली जाई. माणसाला निरोप देताना रणाचे चित्र त्याच्यासोबत ठेवावे ही कल्पना मराठी मुलखाला परकी नाही, कारण येथल्या विरगळी, म्हणजे वीरांच्या स्मरणशिळा, तेच करतात. दोन्हीकडे हे चित्र कोणाचे आणि कोणासाठी, हा प्रश्न या प्रवासात पुन्हा पुन्हा समोर येतो.

घाटमाथ्यावरचे पठार मक्याचे आणि मिरचीचे आहे. हंगामात रस्त्यालगतच्या गावांतून हिरव्या मिरचीच्या गोण्यांचे ढीग आणि त्यांवर वाकलेली व्यापारी मंडळी दिसतात, आणि मिरचीचा तिखट वास थेट रस्त्यापर्यंत येतो. पूर्वेला भोकरदन आहे, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, जेथल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली आणि तिचे साम्य इटलीतल्या पाँपेई येथे 1938 साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी असल्याचे अभ्यासकांच्या लक्षात आले. पाँपेई हे नगर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, तेव्हा त्याआधीच सातवाहनांच्या या मुलखातले कसब रोमन घरांत पोहोचले होते. रोमच्या संगमरवराची आठवण या पठारावर काढणे त्यामुळे ओढूनताणून ठरत नाही. याच परिसरात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई हे गाव आहे, जेथे 23 सप्टेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या कंपनी फौजेने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. त्या एका दिवसात कंपनीच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक सैनिक मेले किंवा जखमी झाले, आणि मराठी बाजूला पडलेल्यांची मोजदाद तेवढ्या काटेकोरपणे कोणी ठेवली नाही. मराठ्यांच्या सत्तेचा उतार ज्या लढायांनी ठरवला त्यांपैकी ही एक असूनही तेथे शिंद्यांच्या शिपायांसाठी दगडात कोरलेले रणचित्र नाही, कारण तोपर्यंत विरगळ उभारण्याची चाल या मुलखातून जवळजवळ संपली होती.

विरगळ म्हणजे लढाईत, गुरे सोडवताना किंवा गावाचे रक्षण करताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा. तिच्यावर खालून वर वाचत जायचे असे तीन-चार थर असतात. तळाच्या थरात वीर आडवा पडलेला किंवा शेवटची झुंज देताना दिसतो, कधी त्याच्या मागे गाई असतात आणि मग ती झुंज गोधन सोडवण्यासाठी झाली हे कळते. मधल्या थरात अप्सरा त्याला हात धरून किंवा विमानात बसवून वर नेतात. त्यावरच्या थरात तो शिवलिंगाची पूजा करताना बसलेला असतो, आणि माथ्यावर कलश असून त्याच्या दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील विरगळींवर तर वल्ह्यांच्या नौकांची रांग आणि समुद्रावरची लढाई आहे, आणि तिचा संबंध सामान्यतः तेराव्या शतकातल्या यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्या संघर्षाशी जोडला जातो. बहुतेक विरगळींवर मात्र एकही अक्षर नसते, त्यामुळे वीराचे नाव, त्याचा शत्रू आणि लढाईचे साल यांपैकी काहीच उरत नाही.

तरीही मराठवाड्यातल्या गावकऱ्यांच्या दृष्टीने हे दगड मुके नाहीत. मारुतीच्या देवळाच्या ओट्याला टेकवलेली, वेशीजवळ अर्धी मातीत गेलेली किंवा बांधावर उभी असलेली विरगळ शेंदराने माखलेली असते, लग्नाचा नवरदेव तिला नारळ वाढवून पुढे जातो, पोळ्याच्या दिवशी बैल तिच्यासमोरून नेतात, आणि विचारणाऱ्याला एखादे वडीलधारे बाबा इतकेच सांगतात, की हा आमचा वीर आहे, गावासाठी पडला. शहरातून आलेल्या अभ्यासकाला शेंदराचा जाड थर अडचणीचा वाटतो, कारण त्याखालचे कोरीवकाम झाकले जाते. संग्रहालयात हीच शिळा स्वच्छ धुऊन, क्रमांक लावून, दोरीच्या पलीकडे ठेवलेली असते आणि तिला हात लावण्याची मनाई असते. दोन्ही पद्धतींत दगडाचा मान राखला जातो, पण गावात तो वापरात राहतो, आणि वापरात असलेल्या दगडाशी माणसे ज्या सलगीने वागतात ती कोणत्याही फलकाने निर्माण होत नाही. दगडाचे जतन आणि दगडाशी असलेले नाते या दोहोंचा मेळ घालण्याचे काम आपल्याकडे पुरातत्त्वाने अजून मनापासून हाती घेतलेले नाही, हे खेदाने नोंदवावे लागते.

घाटाची वळणे उतरू लागली की डाव्या-उजव्या बाजूला साग आणि सीताफळीची झाडी लागते आणि समोर वेताळवाडीच्या किल्ल्याची तटबंदी उलगडते. ही वाट राखण्यासाठीच हा किल्ला बांधला गेला हे त्याच्या जागेवरून लगेच कळते, कारण त्याच्या बुरुजांवरून घाटाची वाट आणि खालची सोयगावची सपाटी दोन्ही नजरेच्या टप्प्यात राहतात. दरवाजावर शरभ कोरलेले आहेत; शरभ म्हणजे सिंहासारखा एक काल्पनिक बलाढ्य पशू, जो दख्खनच्या किल्ल्यांच्या दारांवर सत्तेचे चिन्ह म्हणून वारंवार येतो आणि कधी कधी पंजांत वा शेपटीत हत्ती पकडून शत्रूला ताकीद देतो. येथे युद्ध एका खुणेत आटोपले आहे, कोण कोणाशी लढला याची गरजच उरलेली नाही. किल्ल्याच्या दारावरचे शिल्प येणाऱ्याला धाक घालण्यासाठी असते, तर विरगळ गेलेल्याला जपण्यासाठी, आणि हा फरक रोममध्येही आहे: सम्राट मार्कस ऑरेलियसच्या विजयस्तंभावरची लढाई नगराच्या चौकात सर्वांना दिसण्यासाठी कोरलेली आहे, तर शवपेटीवरची लढाई घराण्याच्या थडग्यात, नातलगांनी दिव्याच्या उजेडात पाहावी म्हणून. त्यामुळे एकाच काळातल्या त्या दोन शिल्पांचा सूर एकच असावा याचे नवल वाटते. खाजगी दुःखातही रोमन सेनानीला जिंकणारा म्हणूनच ओळखले जावे असे वाटत होते.

सोयगाव हे तालुक्याचे गाव असले तरी त्याचा पसारा मोठा नाही, आणि त्याची लय कापसाच्या हंगामावर चालते. वेचणीच्या दिवसांत कापसाने भरलेल्या गाड्या अरुंद रस्त्यावरून जाताना दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या फळ्यांवर पांढरे तंतू अडकून राहतात, आणि बायका डोक्याला फडके बांधून पहाटेच शेताकडे निघतात. येथल्या बोलण्यात मराठवाड्याचा संथपणा आणि खानदेशी वळण एकत्र ऐकू येते. बाजाराची ओढ जळगावकडे आहे, कचेरीचे काम संभाजीनगरला आहे, आणि या दोन टोकांमध्ये राहण्याची सवय लोकांच्या अंगवळणी पडली आहे. अनोळखी माणसाला पुण्या-मुंबईत आधी काम विचारतात, येथे आधी गाव विचारतात आणि त्यानंतर बसायला सांगून पाणी पुढे करतात. काम सांगण्याची पाळी पुष्कळ उशिरा येते आणि ते लेणी पाहण्याचे आहे असे कळले, की दादा, लेणी तर आमचीच आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. हा दावा अक्षरशः खरा आहे, कारण जगभर अजिंठ्याच्या नावाने ओळखली जाणारी लेणी लेणापूरच्या शिवारात, म्हणजे सोयगाव तालुक्यातच येतात, आणि अजिंठा गाव घाटाच्या वर, वेगळ्या तालुक्यात आहे.

जेवणातही सीमारेषा जाणवते. घाटावर ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी असे ताट असते, तर घाटाखाली कळण्याची भाकरी येते, जी ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची असते आणि करडी, खमंग व पोटाला दम देणारी असते. हिवाळ्यात त्याच भाकरीसोबत वांग्याचे भरीत असते. त्यासाठी मोठी, फिकट हिरवी वांगी कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात, हिरव्या मिरचीबरोबर ठेचतात आणि वर कांद्याची पात घालतात. शहरात वांगे गॅसच्या ज्योतीवर भाजले जाते आणि त्यात धुराची ती चव उतरत नाही. येथे भरीत शेतातच करून पंगतीला वाढण्याची रीत आहे, आणि वाढणारा माणूस पाहुण्याच्या नाही म्हणण्याला फारसे मोजत नाही. ज्या शेतातून कापूस घरी येतो त्याच शेतातल्या काड्यांवर जेवण शिजते, ही काटकसर सोयगावच्या माणसांच्या वागण्यातही दिसते. ते थोडे बोलतात, पण बोललेले निभावतात.

सोयगावहून फर्दापूरकडे जाताना डोंगर उजव्या हाताला सोबत करतो. फर्दापूर हे घाटाच्या पायथ्याचे जुने मुक्कामाचे ठिकाण आहे, जेथे मोगल काळातल्या सराईचे अवशेष आजही वस्तीत मिसळलेले दिसतात. तेथून वाघूर नदीच्या दरीत शिरले की डोंगर घोड्याच्या नालासारखा वळतो आणि त्या वळणाच्या उभ्या कड्यात लेण्यांची रांग दिसू लागते. पायथ्याशी विक्रेते स्फटिक मांडून बसलेले असतात. लाव्हा थंड होताना बेसाल्टमध्ये राहिलेल्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढले, आणि ज्या खडकात लेणी कोरली त्याच खडकाच्या पोटातले ते आहेत. म्हाताऱ्या माणसांना खुर्चीच्या डोलीतून वर नेणारे डोलीवाले पायऱ्यांवर एकमेकांना हाका देत चालतात, आणि त्यांच्या खांद्यांवरचे घट्टे पाहिले की या दरीत दगड कोरणाऱ्यांनी काय सोसले असेल याची पुसटशी कल्पना येते. संगमरवर मऊ असतो, त्यात गिरमिटाने खोल भोके पाडून सावल्या निर्माण करता येतात, आणि रोमच्या कारागिरांनी शवपेट्यांवर तेच केले. बेसाल्ट कठीण आणि काळपट असल्यामुळे अजिंठ्याच्या शिल्पींनी मोठे उठाव घेऊन रूप मोकळे केले आणि त्यावर चुन्याचा गिलावा व रंग दिला, जो आता बहुतांशी गेला आहे.

1819 साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने शिकारीच्या निमित्ताने ही लेणी पाहिली आणि त्यानंतर ती बाहेरच्या जगाला माहीत झाली, ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. त्याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की लेण्यांच्या भिंतींवरचे झिजलेले लेख वाचण्याचे कष्ट 1860 च्या दशकात भाऊ दाजी लाड यांनी घेतले आणि पुढे विसाव्या शतकात वासुदेव विष्णू मिराशी यांनी वाकाटकांच्या सर्व लेखांचे संपादन केले. या दोन मराठी अभ्यासकांशिवाय अजिंठ्याची भिंत आज सुंदर पण अनामिक राहिली असती.

सतराव्या लेण्याचा लेख अशा कामाचा उत्तम पुरावा आहे. ते लेणे कोरवून घेणारा या भागातला स्थानिक राजा होता. लेखात त्याच्या घराण्याची वंशावळ आहे, त्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने अश्मक इत्यादी मुलूख जिंकल्याचा उल्लेख आहे, आणि नंतर रविसांब नावाचा तो धाकटा भाऊ अकाली मृत्यू पावल्यामुळे राजाचे मन संसारातून उडाले व तो दानधर्माकडे वळला, असे सांगितले आहे. म्हणजे हे लेणे भावाच्या शोकातून उभे राहिले. त्या शोकाच्या घरात उजव्या भिंतीवर जी सर्वांत मोठी लढाई रंगवली आहे ती मात्र त्या भावांनी केलेली अश्मकांवरची चढाई नाही. ती सिंहल अवदानाची आहे. अवदान म्हणजे थोर कृत्याची बौद्ध कथा. सिंहल हा व्यापारी जहाज फुटून राक्षसींच्या बेटावर अडकतो, आकाशात उडणाऱ्या बलाह नावाच्या घोड्याच्या पाठीवर बसून तेथून सुटतो, एक राक्षसी त्याचा पाठलाग करत येऊन राजाला भुलवते व त्याचा घास घेते, आणि मग प्रजेने राजा केलेला सिंहल सैन्य घेऊन बेटावर चाल करतो. भिंतीवर हत्ती नौकांत उभे आहेत, घोडेस्वारांचे भाले एका दिशेला झुकले आहेत, ढाली आणि वक्र तलवारी यांची गर्दी इतकी दाट आहे की डोळ्याला विसावा मिळत नाही, आणि तरीही चित्रकाराने प्रत्येक चेहऱ्याला वेगळे मन दिले आहे. शत्रू राक्षसी असूनही त्यांच्या कोसळण्यात त्याने करुणा ठेवली, याला अजिंठ्याच्या कलेचा मोठेपणा म्हणावा लागेल.

सतराव्या लेण्यापासून सव्विसाव्याकडे जाताना वाट कड्याच्या कडेने वळते. वळणाच्या पुढच्या या भागातली काही लेणी अर्धवट सोडलेली आहेत, आणि तेथे छिन्नीचे खडबडीत घाव तसेच राहिलेले दिसतात. सव्विसावे लेणे हे चैत्यगृह आहे, म्हणजे मध्ये स्तूप असलेली आणि दोन्ही बाजूंना स्तंभांच्या रांगा असलेली पूजेची जागा, आणि त्याच्या डाव्या भिंतीवर बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे सुमारे सात मीटर लांबीचे शिल्प आहे. बहुतेक लोक त्या निजलेल्या मूर्तीपाशी थांबतात, हात जोडतात आणि निघतात. त्याच भिंतीवर पुढे मारविजयाचा पट आहे, आणि अजिंठ्यातले दगडात कोरलेले युद्ध पाहण्यासाठी आलेल्या प्रवाशाने सर्वांत जास्त वेळ येथे द्यायला हवा. मार म्हणजे मोह आणि मृत्यू यांचा अधिपती. बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थाला ज्ञान मिळू नये म्हणून तो हत्तीवर बसून सैन्यासह येतो. विकृत तोंडांचे, शस्त्रे उगारलेले सैनिक वरच्या बाजूने झेपावतात, खालच्या बाजूला त्याच्या मुली नाचतात आणि त्यांच्या साथीला वाद्ये वाजतात, आणि मध्यभागी बुद्ध भूमिस्पर्शमुद्रेत बसलेला आहे, म्हणजे उजव्या हाताची बोटे जमिनीला लावून तो पृथ्वीला साक्षी बोलावतो आहे. मार्गदर्शक हा पट दाखवताना बहुधा नाचणाऱ्या मुलींकडे बोट करतात आणि मोहाची गोष्ट सांगून थांबतात, त्यामुळे वरची सारी फौज पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटते. वास्तविक शिल्पीने आपली निम्मी ताकद त्या फौजेवर खर्च केली आहे.

या पटासमोर उभे राहिले की रोममधली एक शवपेटी आठवते, आणि त्या आठवणीने दोन्ही शिल्पे अधिक स्पष्ट होतात. कार्डिनल लुदोविसी यांच्या संग्रहामुळे लुदोविसी म्हणून ओळखली जाणारी ही पेटी 1621 साली रोममध्ये सापडली, ती इसवी सन 250 ते 260 या काळातली मानली जाते आणि आज पालाझ्झो आल्तेम्प्स या संग्रहालयात आहे. सुमारे दीड मीटर उंचीच्या तिच्या दर्शनी भागावर रिकामी जागा म्हणून उरलेली नाही: वरच्या अंगाला रोमन सैनिक, खालच्या अंगाला चेंगरलेले, विनवणारे, मान मुरगळलेले दाढीवाले शत्रू, आणि या साऱ्या कल्लोळाच्या वर मध्यभागी घोड्यावर बसलेला सेनानी, ज्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नाही, हातात शस्त्र नाही आणि उजवा हात मोकळा पसरलेला आहे. तो लढत नाही, तो शत्रूकडे पाहतही नाही. रचना मारविजयाच्या इतकी जवळची आहे की क्षणभर थक्क व्हायला होते: चारही बाजूंनी उसळलेले रण, मध्ये एक निःशस्त्र शांत पुरुष आणि त्याचा उजवा हात. परंतु रोमन सेनानीची शांतता त्याच्या सैनिकांच्या जिवावर उभी आहे. त्याच्यासाठी इतर लोक मारत आहेत, म्हणून त्याला तलवार धरावी लागत नाही. सव्विसाव्या लेण्यात बुद्धाच्या बाजूने एकही सैनिक नाही. त्याच्या हाताची दिशाही खाली, मातीकडे आहे, आणि फौज त्याच्यापर्यंत पोहोचूनही त्याच्या अंगावर एक घाव पडत नाही. दोन्ही शिल्पींना गोंधळाच्या मध्यभागी स्थिर माणूस ठेवण्याची जादू ठाऊक होती, पण त्या स्थैर्याची किंमत कोण मोजते, याचे उत्तर त्यांनी अगदी वेगळे दिले.

रोमन शिल्पाला केवळ क्रूर म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. लुदोविसी पेटीवरच्या पराभूतांच्या चेहऱ्यांवर जी वेदना आहे ती इतक्या कळकळीने कोरलेली आहे की पाहणाऱ्याचे मन विजेत्यांपेक्षा त्यांच्याकडेच जाते, आणि कारागिराच्या छिन्नीने सेनानीच्या घराण्याला जे दाखवायचे होते त्याच्या पलीकडचे काहीतरी दाखवून दिले असे वाटते. विरगळीच्या तळच्या थरातही हेच घडते, मात्र तेथे पडलेला आणि स्मरणाचा धनी हे दोघे एकच असल्यामुळे वेदना आणि गौरव यांना दोन वेगळ्या माणसांत वाटावे लागत नाही.

सव्विसाव्या लेण्याच्या बाहेरच्या भिंतीवर जो लेख आहे, त्याने या प्रवासातला सर्वांत अनपेक्षित धागा हाती येतो. लेणे बुद्धभद्र या भिक्षूने कोरवले, आणि ते त्याने आपल्या आईवडिलांबरोबरच भव्विराज याच्या पुण्यासाठी अर्पण केले; हा भव्विराज अश्मक राजाचा मंत्री होता, आणि बुद्धभद्राची त्याच्याशी अनेक जन्मांची मैत्री असल्याचे लेख सांगतो. भव्विराजाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा देवराज मंत्री झाला, हेही त्यात आहे. म्हणजे सतरावे लेणे अश्मकांना जिंकल्याचे सांगणाऱ्या राजाने मृत भावाच्या शोकात कोरवले, आणि त्याच कड्यातले सव्विसावे लेणे अश्मकांच्या मंत्र्याच्या स्मरणार्थ झाले. अजिंठ्याच्या कालक्रमाचा ध्यास घेतलेले वॉल्टर स्पिंक यांनी या दोन पक्षांच्या संघर्षावर लेण्यांच्या कामातले खंड आणि घाई यांची मांडणी केली. त्यांनी ठरवलेली नेमकी वर्षे सर्व अभ्यासकांना मान्य नाहीत आणि ती मान्य न करण्याला सबळ कारणे आहेत, पण एकाच दरीत दोन्ही पक्षांनी आपापल्या मृतांसाठी दगड कोरवला ही गोष्ट लेखांतच उभी आहे, तिला कोणत्याही मांडणीचा आधार लागत नाही. आणि दोघांपैकी एकानेही आपले खरे युद्ध भिंतीवर काढलेले नाही.

बुद्धभद्र लेखात स्मारक का करावे याचे कारणही देतो: माणसाची आठवण जोवर जगात ताजी असते तोवर तो स्वर्गात सुख भोगतो, म्हणून चंद्र आणि सूर्य असेपर्यंत टिकेल असे स्मारक डोंगरात करावे, अशा आशयाचे त्याचे म्हणणे आहे. घाटावरच्या गावांत शेंदराखाली झाकलेल्या विरगळींच्या माथ्यावर कोरलेले सूर्य आणि चंद्र हेच सांगतात. पाचव्या शतकातल्या सुशिक्षित भिक्षूने संस्कृतात जे लिहिले, तेच यादवकाळातल्या पाथरवटाने, त्याला लिहिता येत असो वा नसो, दोन खुणांनी कोरले, आणि धर्म, काळ व ऐपत बदलूनही ही समजूत या मुलखात तशीच राहिली.

रोममध्ये 1931 साली पोर्तोनाच्चो भागात सापडलेली आणखी एक शवपेटी, सुमारे इसवी सन 180 ची, या संदर्भात महत्त्वाची ठरते. तिच्यावरही लढाई आहे, दोन्ही टोकांना विजयचिन्हांखाली बांधलेले बंदी स्त्रीपुरुष आहेत आणि मध्यभागी घोड्यावर सेनानी आहे; मात्र त्या सेनानीचा चेहरा कोरायचा राहून गेला. झाकणावरच्या पतिपत्नीच्या जोडीचेही चेहरे तसेच कोरे आहेत. पेटीवर कोरलेल्या पलटणींच्या निशाणांवरून ती मार्कस ऑरेलियसचा अधिकारी औलुस यूलियुस पोंपिलियुस याची असावी असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. त्याचे शौर्य इंचाइंचाने कोरलेले आहे आणि नाव मात्र अनुमानाने मिळवावे लागते. भव्विराजाच्या बाबतीत नाव, पद, मुलगा आणि मित्र हे सारे भिंतीवर अक्षरांत आहे, पण तो कसा दिसत होता किंवा कोणत्या रणात उभा राहिला याची एकही रेघ बुद्धभद्राने कोरू दिली नाही. त्याच्या आठवणीसाठी त्याने मारविजय आणि महापरिनिर्वाण सामावणारे हे लेणेच उभे केले.